शिरोरेखा शेवटी

एक पणती विझली आणि घाटाचा ‘धाट’ झाला.

कार्तिकी पौर्णिमेची संध्याकाळ होती. काशीच्या पंचगंगा घाटावरच्या सपाट चौथऱ्यावर चार-पाच पोरांनी दुपारीच खडूने ‘पंचगंगा घाट’ अशी मोठी अक्षरं आखून ठेवली होती. त्या रेघांवर चार-चार बोटांच्या अंतराने पणत्या मांडल्या होत्या. अंधार पडल्यावर त्या लागल्या आणि गर्दीतून ‘हर हर महादेव’ उठलं. तेवढ्यात नदीवरून वारा आला आणि ‘घ’च्या डोक्यावरची, डावीकडची पणती गेली. मी दुर्गाघाटावर ज्या मराठी घरी उतरलो होतो, तिथल्या काकू शेजारी उभ्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या, मराठी बोलताना मधूनच बनारसी हेल काढणाऱ्या. त्या म्हणाल्या, “अहो, बघा, धाट झालं!” एक पोरगा वाकला, शेजारच्या पणतीवर काडी पेटवून त्याने ती वात लावली आणि धाटाचा पुन्हा घाट केला.

हे पुस्तक पणत्यांबद्दल नाही. छोट्या छोट्या आकारांची, म्हणजे ठिपके, चौकोन, पाकळ्या, काड्या यांची अक्षरं संगणकावर कशी रचावीत आणि कशी हलवावीत, याबद्दल आहे. पण ते लिहायला हवं असं मला वाटलं ते त्या चौथऱ्यावर, म्हणून सुरुवात तिथून केली.

हा प्रकार तुम्ही रोज पाहता. बातम्यांच्या वाहिनीवर ठिणग्या एकत्र येऊन मथळा होतो. लग्नाचं आमंत्रण हल्ली व्हॉट्सॲपवर येतं, त्यात झेंडूच्या पाकळ्या भिरभिरत येतात आणि ‘चि. सौ. कां.’ होऊन बसतात. बहुतेक वेळा बसतच नाहीत, कुठेतरी वेलांटी एकटी लटकत राहते. ते चुकतं का, हे या पुस्तकाचं अर्धं काम. ‘रोमनमध्ये किती छान होतं हो, आपल्या लिपीतच काहीतरी अडचण आहे,’ असं माझे विद्यार्थी म्हणतात. पूर्वी मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. लिपीत अडचण नाही. आपण तिला परका क्रम लावतो, ही अडचण आहे.

आता पंचगंगेवरच्या त्या पोरांकडे परत येतो. अक्षरं त्यांनी डावीकडून उजवीकडे लावली नाहीत. आधी सगळ्या अक्षरांची अंगं लावली. मग काने, मग अनुस्वाराच्या दोन पणत्या. सगळ्यात शेवटी एक जण जळती वात घेऊन वरच्या आडव्या ओळीतून एका दमात गेला. शब्द मिटला, म्हणजे बंद झाला, पुरा झाला. असंच का, म्हणून विचारलं, तर तो माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं बघून म्हणाला, वरची ओळ आधी पेटवली तर आत पाय कुठून टाकणार, कपडे जळतील की! सौंदर्याचा विचार त्यात नव्हता, लेंगा वाचवायचा होता. पण मराठी शाळेत पहिलीतलं पोर पाटीवर हेच करतं. आधी अक्षरं, मग काना-मात्रा, आणि शब्द झाला की डोक्यावरून रेघ. माझ्या वीस वर्षांच्या संगणकी कामात हा क्रम मला कधी सुचला नव्हता, कारण सॉफ्टवेअरने तो कधी विचारलाच नाही.

सॉफ्टवेअर काय विचारतं, ते पाहू. आफ्टर इफेक्ट्स हे या धंद्यातलं सर्वांत रुळलेलं हत्यार. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका लहान कंपनीने ते १९९३ साली बाजारात आणलं आणि पुढच्या वर्षी ते ॲडोबीच्या ताब्यात गेलं. त्यात मजकूर हलवायचा तर तो ‘कॅरेक्टर’प्रमाणे हलवायचा की शब्दाप्रमाणे की ओळीप्रमाणे, एवढं ठरवता येतं. कॅरेक्टर म्हणजे अक्षर, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. संगणकाच्या पोटात ‘किती’ हा शब्द क, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी अशा चार तुकड्यांचा असतो. वेलांटी साठवलेली असते क च्या नंतर आणि दिसते मात्र क च्या आधी. टंकलेखनाचा परिणाम द्यायचा म्हणून एकेक तुकडा दाखवत गेलात, तर आधी क येतो आणि मग त्याला ढकलून डावीकडे वेलांटी घुसते. ‘मूर्ती’ची कथा आणखी वाईट. आधी ‘मूर’ दिसतं, मग र चा पाय मोडतो, मग त येताच तो र उडी मारून त च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि शेवटी वेलांटी लागल्यावर आणखी पुढे सरकतो. पडद्यावर हे कसरतीसारखं दिसतं. वाचणाऱ्याला मात्र ठेच लागते.

मराठी जुळणीला हे दुःख नवं नाही. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक खिळ्यावर शिरोरेखेचा आपापला तुकडा असे. खिळे नीट कसले नाहीत, की छापलेल्या रेघेत फटी पडत. आज उलट होतं. फाँटमधल्या प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजाऱ्याच्या हद्दीत थोडी घुसलेली असते, म्हणून ती अखंड दिसते. पण अशा अक्षरांवर ठिपके पसरले, की जिथे दोन शिरोरेखा एकमेकींवर चढतात तिथे दुप्पट ठिपके पडतात आणि रेघेवर सांध्यासांध्याला चकचकीत गाठी दिसू लागतात. एका कामात माझ्या अशा गाठी थेट पडद्यावर गेल्या होत्या. ग्राहकाला वाटलं, मुद्दाम मोती लावलेत. मीही मान डोलावली. उपाय सोपा आहे: अक्षरांच्या बाह्यरेषा काढून आधी त्यांचं एकत्रीकरण करायचं, मग शिरोरेखेच्या जाडीएवढा आयत घेऊन ती रेघ वेगळ्या थरावर कापायची. खाली अंगं, मध्ये मात्रा, वर रेघ. तीन थर आणि तिन्हींचा वेळ वेगळा. पुस्तकाचं तिसरं प्रकरण एवढ्यासाठीच आहे आणि ते इतरांपेक्षा लांब आहे, त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

लिपी तुकड्यांत कशी बसवायची, हा वाद काशीने यापूर्वीही ऐकला आहे. नागरी प्रचारिणी सभा १८९३ साली याच शहरात निघाली. १९०५ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. अध्यक्ष होते गोपाळ कृष्ण गोखले. त्याच वेळी सभेच्या परिषदेत टिळक भारतीय भाषांच्या समान लिपीवर बोलले. बोलणारा माणूस छापखाना चालवणारा होता. ‘केसरी’साठी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी कशी करावी, यात त्याने स्वतः डोकं घातलं होतं. त्यामुळे लिपीचा प्रश्न त्याच्या लेखी अभिमानाचा होता तितकाच खिळ्यांच्या पेटीचाही होता. पुढे संगणकाच्या पडद्यावर आपण वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’ फाँटमध्ये वाचलं, तोही एका मराठी माणसाने, र. कृ. जोशींनी घडवलेला. त्याच्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. पण कमी ठिपक्यांच्या पडद्यावर जोडाक्षर ओळखू येणं हे काय काम आहे, हे पणत्या मांडून बघितल्याशिवाय कळत नाही.

पण या पुस्तकाचा खरा पूर्वज मला दुसराच वाटतो. दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९१३ आठवतं. त्याच्याही आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा चित्रपट केला होता आणि तो दाखवून भांडवल उभं केलं होतं. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. त्यात नट नाहीत, आगकाड्या आहेत. काडी मांडायची, एक चित्र घ्यायचं, काडी केसभर सरकवायची, पुन्हा एक चित्र. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं धरली, तर एका मिनिटाला ९६० वेळा वाकायचं. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली काड्यांचा असा खेळ केलेला होता, तेव्हा कल्पना अगदी अस्पर्श होती असं नाही. तरी फाळक्यांचा हात काड्यांकडे वळावा, याला माझ्या मते त्यांचा जुना धंदा कारण आहे. ते आधी छापणारे होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकले, ब्लॉक आणि शिळाछाप केली, रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईत काम केलं, रंगीत छपाई शिकायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. हाफटोन ब्लॉक म्हणजे दुसरं काय? लहान-मोठे ठिपके, जवळून पाहिले तर काहीच नाही, दुरून चेहरा. ज्याने आयुष्याची ऐन वर्षं ठिपक्यांतून देवादिकांची तोंडं उमटवण्यात घालवली, त्याला काड्यांत हालचाल दिसणारच.

पुढे हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी बिनसलं आणि १९२० च्या सुमारास फाळके कुटुंबकबिला घेऊन काशीला आले. चित्रपट सोडून आलेला हा माणूस इथे बसून नाटक लिहितो आणि त्याचं नाव ठेवतो ‘रंगभूमी’. नाटक चाललं नाही. फाळके परत गेले, पुन्हा चित्रपट करू लागले. काशी हे मराठी माणसाला शेवटचं ठिकाण वाटतं, पण मराठी माणसं इथे येऊन बहुतेक काम करत बसलेली दिसतात. एकनाथांनी भागवतावरची टीका इथेच पुरी केली, शके १४९५ मध्ये, आणि तिथी तीच, कार्तिकी पौर्णिमा.

त्या तिथीला आज घाटांवर देवदिवाळी असते. तिचं हे भव्य रूप फार जुनं नाही. १९८० च्या दशकात पंचगंगा घाटावरून ते सुरू झालं, असं काशीत सांगतात. पण त्या घाटावर एक वस्तू मात्र जुनी आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने सांगितला जाणारा दगडी दीपस्तंभ. काशी विश्वनाथाचं देऊळ ज्यांनी १७८० साली पुन्हा उभं केलं, त्याच अहिल्याबाई. स्तंभाला लोक ‘हजारा’ म्हणतात. अंगभर दगडी पणत्या फुटलेल्या, झाडाला कळ्या फुटाव्यात तशा. मी मोजायला लागलो आणि दोनशेच्या पुढे चुकलो. या हजाऱ्याकडे बघताना एक गोष्ट कळते. त्यावर अक्षर नाही, चित्र नाही, सगळे दिवे सारखे. तरी लावणारा खालून वर जातो तेव्हा तो उगवताना दिसतो, आणि तेल संपत जातं तेव्हा ज्या क्रमाने लागला साधारण त्याच क्रमाने मावळतो. पटकथा एका वातीत आली. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत बीटिंग रिट्रीटच्या वेळी १००० ड्रोन आकाशात चढले, तेव्हा मला हजाराच आठवला. संख्या तीच, तत्त्वही तेच. फक्त दगडाऐवजी प्रत्येक दिव्याला जागा बदलता येत होती.

जागा बदलता येणं ही संगणकाची देणगी आहे आणि तोच सापळाही आहे. नवशिक्या मुलाला सगळ्या ठिपक्यांना वेड्यासारखं भिरभिरवायचं असतं. घाटावर कुणी पणत्या भिरभिरवत नाही. पणती आपल्या जागी असते आणि ज्योत तेवढी थरथरते, प्रत्येकीची वेगळी. या पुस्तकातल्या पहिल्या चार उदाहरणांत म्हणूनच एकही ठिपका जागचा हलत नाही. फक्त लागतो आणि विझतो. विद्यार्थी कुरकुरतात. कुरकुरू द्यावं.

ठिपका केवढा असावा, हा दुसरा प्रश्न. रोमन अक्षर आडवे ५ आणि उभे ७ अशा ३५ ठिपक्यांत मावतं. जुने दिव्यांचे फलक याच हिशोबाने बनत. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, म्हणून उंची दुपटीच्या आसपास लागते. हे झालं मापाचं. पण खरी परीक्षा घेतात त्या जोड्या: घ आणि ध, भ आणि म. यांच्यात फरक करते ती शिरोरेखेतली एक मोकळी जागा आणि एक छोटी गाठ. तुमचा ठिपका त्या मोकळ्या जागेपेक्षा मोठा असेल, तर ‘धार’ची ‘घार’ होऊन उडून जाते. माझा नियम असा: फाँटमधली सर्वांत अरुंद फट शोधा आणि तिच्यात दोन ठिपके शेजारी बसतील इतका ठिपका लहान ठेवा. फट भरायची नाही, फक्त मोजायची. नियम कुठल्या ग्रंथात नाही. पंचगंगेवरच्या विझलेल्या पणतीने तो शिकवला.

हे गणित बनारसचे विणकर आपल्या फार आधी करून बसले आहेत. मदनपुऱ्यात एका नक्शाकाराकडे मी एक दुपार घालवली. आधी चौकटीच्या कागदावर बूटा भरायचा, एक चौकोन म्हणजे ताण्या-बाण्याची एक गाठभेट. वाटोळी पाकळी तिथे पायऱ्यापायऱ्यांची होते, आणि पायऱ्या कुठे घ्यायच्या यावर पाकळी नाजूक होणार की बोजड, ते ठरतं. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याचे पत्ते टोचायचे, भोक असेल तिथे धागा उचलला जातो. पत्ते ओवून मागावर चढवले, की एकामागून एक पत्ता पुढे येतो आणि कापडावर एकेक ओळ उतरते. म्हणजे प्रत्येक पत्ता एक फ्रेम! फक्त आपण फ्रेम पुसून पुढची दाखवतो, विणकर एकीखाली एक सगळ्या जपून ठेवतो. भोकं पाडलेला कागद पाहून मला आमच्या आईचा रांगोळीचा कागद आठवला. उदबत्तीने एकसारखी भोकं पाडलेला कागद अंगणात ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलला की ठिपके तयार. त्यांना जोडायचं कसं, हे मात्र कागद सांगत नसे, ते आईच्या बोटात होतं.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडंच सांगतो. दोन सॉफ्टवेअर घेतली आहेत: आफ्टर इफेक्ट्स, कारण स्टुडिओत तेच लागतं, आणि ब्लेंडर, कारण ते फुकट आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात टेक्स्ट इंजिन भारतीय लिप्या जाणणारं निवडलं नाही, तर जोडाक्षरं मोडतात. हे एकदा करायचं आणि विसरून जायचं. ब्लेंडरचं मजकुराचं साधन जोडाक्षरांना न्याय देत नाही, म्हणून शब्द इंकस्केपमध्ये लिहून, त्याचे पाथ करून, एसव्हीजी फाइल म्हणून आत आणायचा. जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले मराठी फाँट अजून अनेक दुकानांत चालतात. त्यांत ‘ग’चा काना ही वेगळी कळ असते आणि तो खुशाल वेगळा उडतो. त्यांच्यासाठी प्रकरण लिहिलेलं नाही. ते वापरू नका. बटणांची नावं आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून ती कमीत कमी दिली आहेत. क्रम बदलत नाही, तो जास्तीत जास्त दिला आहे.

एवढं वाचून लगेच संगणक सुरू करू नये, ही विनंती. आधी एक आगपेटी आणा. टेबलावर काळा कागद पसरा, फोन वर कुठेतरी पक्का बांधा आणि काड्यांनी ‘गंगा’ लिहा. पंधरावीस काड्यांत शब्द बसतो. गाठीसाठी काडी मोडावी लागते, अनुस्वाराला नुसतं गुल पुरतं. एकेक तुकडा ठेवत, सरकवत शंभर फोटो काढा आणि सेकंदाला बाराच्या वेगाने चालवून बघा. सव्वाआठ सेकंदांचा का होईना, तुमचा पहिला चित्रपट तयार होईल. शिरोरेखेच्या काड्या शेवटी ठेवा. आगपेटी दोन रुपयांना मिळते.